पराभवाला बक्षीस कशासाठी?

७ एप्रिल २०२३ च्या रात्री डॅलसच्या बास्केटबॉल मैदानावर स्लोव्हेनियाचा उत्सव होता. डॅलस मॅव्हरिक्स संघाचा सारा डोलारा ज्याच्या खांद्यावर उभा होता तो लुका डॉन्चिच त्या चिमुकल्या देशाचा, म्हणून त्याच्या मायदेशाच्या नावाने ती संध्याकाळ साजरी करण्याचे संघाने आधीच ठरवले होते. हंगामाचे दोनच सामने उरले होते, समोर शिकागो बुल्स होते, आणि दोन्ही सामने जिंकून इतरत्र निकाल मनासारखे लागले तर पुढच्या फेरीचे दार डॅलससाठी अजून किलकिले होते. अशा सामन्यात डॅलसने कायरी अर्व्हिंगला आणि आणखी काही नेहमीच्या खेळाडूंना उतरवलेच नाही. डॉन्चिच पहिला क्वार्टर खेळला, दुसरा सुरू झाल्याझाल्या बाहेर आला आणि उरलेला सामना त्याने बाकावरून पाहिला. डॅलस तीन गुणांनी, ११२ विरुद्ध ११५, असा हरला आणि स्पर्धेबाहेर पडला.

या पराभवामागे एक साधा हिशेब होता. २०१९ साली क्रिस्टाप्स पोर्झिंगिसला घेताना डॅलसने न्यूयॉर्क निक्सला जे मोल चुकवायचे कबूल केले होते, त्यात पुढच्या एका ड्राफ्टमधील, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील, पहिल्या फेरीची निवड होती. मात्र २०२३ साली ही निवड पहिल्या दहांत आली तर ती डॅलसकडेच राहील अशी अट होती. म्हणजे आणखी एखाददुसरा सामना जिंकला असता तर निवड हातची जाण्याची भीती होती आणि हरल्यावर ती बहुधा वाचणार होती. ती वाचली. एनबीएने, म्हणजे या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने, चौकशी केली, खेळाच्या सचोटीला बाधा आणल्याचा ठपका ठेवला आणि साडेसात लाख डॉलरचा दंड ठोकला. डॅलसने तो भरला, आपली दहावी निवड ओक्लाहोमा सिटीशी अदलाबदल करून बाराव्या क्रमांकावर डेरेक लाइव्हली हा उंचापुरा सेंटर घेतला, आणि पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, त्याला सोबत घेऊन हा संघ थेट अंतिम फेरीत पोहोचला. संघाच्या मालकाच्या जागी मी असतो तर तो दंड मी खर्चाच्या वहीत ‘खेळाडू खरेदी’ या सदराखाली मांडला असता.

गेली काही वर्षे एनबीएच्या चाहत्यांमध्ये जे वाद रंगतात (तारांकित खेळाडू सामने का चुकवतात, हंगाम इतका लांबलचक का, टीव्हीवरचा प्रेक्षक का कंटाळतो, सट्ट्याचे काय करायचे) त्यांतील बहुतेक वाद माझ्या मते एकाच मुळाशी येऊन थांबतात. साध्या, रोजच्या सामन्याच्या निकालाला किंमत उरलेली नाही, आणि ती कोणा आळशी खेळाडूने घालवलेली नसून लीगच्या रचनेने घालवलेली आहे. तळाच्या संघाला हरण्यात फायदा आहे, वरच्या संघाला जिंकण्यात फारसा फायदा नाही. मधले चार-सहा संघ तेवढे मनापासून झगडतात, आणि डॅलसच्या उदाहरणाने दाखवले की तेही नेहमी नाही.

ज्यांना क्रिकेटच्या लिलावाची सवय आहे त्यांच्यासाठी ड्राफ्टची पद्धत थोडी उलगडून सांगायला हवी. आयपीएलमध्ये शेवटच्या क्रमांकावर राहिलेल्या संघाला पुढच्या लिलावात कोणताही पहिला हक्क मिळत नाही. खर्चाची मर्यादा सर्वांना सारखी आणि बोली ज्याची मोठी त्याचा खेळाडू. अमेरिकेत मात्र नवा खेळाडू लीगमध्ये येतो तो ड्राफ्टमधून. संघ क्रमाने एकेक नाव उचलतात, आणि सर्वसाधारण तत्त्व असे की आदल्या हंगामात जो जास्त हरला त्याची पाळी आधी. हेतू उदात्त आहे. दुबळ्याला बळ मिळावे, छोट्या शहरातील चाहत्यालाही आशा राहावी. बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाचच खेळाडू मैदानावर असल्यामुळे एक असामान्य खेळाडू संपूर्ण संघाचे नशीब पालटू शकतो, त्यामुळे क्रिकेट किंवा फुटबॉलपेक्षा या खेळात पहिल्या निवडीचे मोल कितीतरी अधिक आहे. नेमके म्हणूनच हरण्याचा मोहही अधिक आहे.

हा मोह जुना आहे. १९८४ पर्यंत दोन्ही विभागांतील तळाच्या संघांमध्ये नाणेफेक होऊन पहिली निवड ठरत असे. त्या वर्षी ह्यूस्टन रॉकेट्सने हंगामाच्या शेवटी मुद्दाम सामने सोडल्याचा बोभाटा झाला, नाणेफेकही त्यांनीच जिंकली आणि हकीम ओलाजुवान त्यांच्या पदरात पडला. त्या गदारोळातून १९८५ साली लॉटरी, म्हणजे प्लेऑफ न गाठलेल्या संघांमधली सोडत, आली. तेव्हापासून आजवर लीगने या लॉटरीच्या टक्केवारीत वारंवार फेरफार केले आहेत. हरण्याला बक्षीस मिळणार हे तत्त्व मात्र तसेच राहिले आहे.

टँकिंगचा, म्हणजे निवडीसाठी ठरवून हरण्याचा, सर्वांत निर्लज्ज, किंवा सर्वांत प्रामाणिक म्हणा, अवतार फिलाडेल्फियात दिसला. व्यवस्थापक सॅम हिंकी यांच्या काळात सेव्हंटी सिक्सर्सनी २०१३-१४ मध्ये १९, पुढच्या वर्षी १८ आणि त्याच्या पुढच्या वर्षी फक्त १० सामने जिंकले. ८२ पैकी १०. चाहत्यांनी या धोरणाला ‘प्रोसेस’ असे लाडाचे नाव दिले. दहा वेळा जिंकून बहात्तर वेळा हरणाऱ्या संघाचे तिकीट काढून प्रेक्षक ‘प्रोसेसवर विश्वास ठेवा’ अशा घोषणा देत होते, हे मला आजही अचंबित करते. यातून त्यांना जोएल एम्बीड मिळाला आणि २०२३ साली तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तरीही २०२५ पर्यंत हा संघ एकदाही दुसऱ्या फेरीच्या पुढे गेलेला नव्हता.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मैदानावरचे खेळाडू ठरवून हरत नाहीत. विसाव्या-बाविसाव्या वर्षी लीगमध्ये टिकण्यासाठी धडपडणारा पोरगा जीव तोडूनच खेळतो. पुढच्या कराराचा प्रश्न त्याच्या पोटाशी बांधलेला असतो. ठरवून हरते ते कार्यालय. अनुभवी खेळाडूला ‘पाठीच्या त्रासामुळे’ घरी पाठवायचे, चौथ्या क्वार्टरमध्ये सामना रंगात आला की बरा खेळणारा बाकावर बसवायचा, कच्च्या खेळाडूंना ‘अनुभव’ द्यायचा. २०२१ च्या मार्चनंतर ओक्लाहोमा सिटी थंडरने अल हॉरफर्डसारख्या धडधाकट आणि अनुभवी खेळाडूला उरलेला हंगाम बसवूनच ठेवले होते. पुढच्या हंगामात, २ डिसेंबर २०२१ रोजी, हाच संघ मेम्फिसविरुद्ध ७३ गुणांनी हरला. लीगच्या इतिहासातील तो सर्वांत मोठा पराभव आहे. आणि हाच संघ २०२४-२५ मध्ये ६८ सामने जिंकून अजिंक्य ठरला. अशा वेळी कोणत्या तोंडाने लीग इतरांना सांगणार की हा मार्ग चुकीचा आहे?

थंडरच्या यशाचे सगळे श्रेय हरण्याला देणे मात्र अन्यायाचे होईल, आणि माझ्या युक्तिवादाचा हा महत्त्वाचा भाग आहे. त्यांचा मुख्य खेळाडू शे गिल्जस-अलेक्झांडर ड्राफ्टमध्ये अकराव्या क्रमांकावर निवडला गेला होता आणि थंडरकडे तो २०१९ च्या देवघेवीतून आला. पॉल जॉर्जला क्लिपर्सकडे पाठवताना व्यवस्थापनाने तो मागून घेतला होता. ही पारख होती. २०१९ ते २०२५ या सात हंगामांतील सर्वोत्तम खेळाडूचे सात पुरस्कार पाहिले तर त्यांतील सहा अशा खेळाडूंना मिळाले आहेत जे पहिल्या दहांत निवडले गेलेच नव्हते: यानिस आंतेतोकुम्पो पंधरावा, निकोला योकिच चक्क एक्केचाळिसावा, गिल्जस-अलेक्झांडर अकरावा. अपवाद एकट्या एम्बीडचा. दुसऱ्या बाजूला सॅक्रमेंटो किंग्ज पाहा. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे ज्याचे मालक आहेत त्या या संघाने २००६-०७ पासून सलग सोळा हंगाम प्लेऑफ पाहिला नाही, या काळात त्यांना उत्तमोत्तम निवडी मिळत राहिल्या, आणि २०१८ साली दुसऱ्या क्रमांकावर डॉन्चिच समोर असताना त्यांनी मार्व्हिन बॅग्लीचे नाव पुकारले. दुबळ्या संघाचे दुखणे बहुतेक वेळा निवडणाऱ्यांच्या नजरेत असते. तेथे आणखी वरची निवड देऊन काय उपयोग? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

२०१९ पासून लीगने शक्यता सपाट केल्या. पूर्वी सर्वांत वाईट संघाला पहिल्या निवडीची २५ टक्के शक्यता असे, ती तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी १४ टक्के करण्यात आली. परिणाम मोठा मासलेवाईक झाला. २०१९ ते २०२५ या सात लॉटऱ्यांत सर्वांत तळाच्या संघाला पहिली निवड एकदाही मिळाली नाही. २०२३-२४ मध्ये सलग २८ सामने हरणारा डेट्रॉइट पिस्टन्स पाचव्या क्रमांकावर घसरला. २०२४-२५ मध्ये ६५ सामने हरलेला युटा जॅझही पाचव्याच क्रमांकावर गेला, आणि त्याआधी लॉरी मार्कानेनला विनाकारण बसवल्याबद्दल त्यांना एक लाख डॉलरचा दंडही झाला होता. मग टँकिंग थांबले का? थांबले नाही, पसरले. अगदी तळाशी जाण्याची गरज उरली नाही एवढेच. तळाच्या चार-पाच संघांत असले तरी पुरते, आणि मधल्या संघालाही वाटू लागले की प्लेऑफची शेवटची संधी देणाऱ्या दहाव्या जागेसाठी उगाच कशाला धडपडा. २०२५ ची लॉटरी तर अवघी १.८ टक्के शक्यता असलेल्या डॅलसने जिंकली. फेब्रुवारीत ज्या संघाने डॉन्चिचला लॉस एंजेलिस लेकर्सच्या हवाली करून आपल्याच चाहत्यांना रस्त्यावर आणले, त्याला मे महिन्यात पहिली निवड मिळाली आणि तिच्यावर कूपर फ्लॅग हा बहुचर्चित नवा खेळाडू त्याच्या पदरात पडला. नशिबाचा खेळ म्हणून हे मनोरंजक आहे. दुबळ्याला हात देण्याची व्यवस्था म्हणून हास्यास्पद आहे.

आपल्याकडे ठरवून हरण्याचा विषय निघाला की मला २०१२ चे लंडन ऑलिंपिक आठवते. महिला दुहेरी बॅडमिंटनमध्ये पुढच्या फेरीत सोपा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून चीन, दक्षिण कोरिया आणि इंडोनेशियाच्या जोड्या शटल मुद्दाम जाळ्यात मारत होत्या, प्रेक्षक हुर्यो उडवत होते, आणि अखेर चार जोड्यांतील आठही खेळाडूंना स्पर्धेतून हाकलण्यात आले. ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांची जोडी त्याच स्पर्धेत गुणफरकाने बाहेर पडली होती आणि भारताने एका सामन्याच्या निकालावर तक्रारही नोंदवली होती, त्यामुळे हा प्रसंग आपल्या लक्षात राहिला. बॅडमिंटन महासंघाने शिक्षा दिली आणि त्यासोबत गटातील दुसऱ्या क्रमांकांची सोडत नंतर काढण्याचा नियम केला, म्हणजे हरून कोण समोर येईल हे आधी ठरवताच येऊ नये. मोहाचे कारणच काढून टाकले. एनबीए मात्र गेली चाळीस वर्षे कारणाला हात न लावता दंडाच्या पावत्या फाडत आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आता वरच्या टोकाकडे वळू. २९ नोव्हेंबर २०१२ रोजी सॅन अँटोनियो स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी टिम डंकन, टोनी पार्कर, मानू जिनोबिली आणि डॅनी ग्रीन यांना मायामीतील सामन्याआधी विमानात बसवून घरी पाठवले. पाच रात्रींतला तो चौथा सामना होता. सामना देशभर टीव्हीवर दाखवला जाणार होता, त्यामुळे तत्कालीन आयुक्त डेव्हिड स्टर्न संतापले आणि संघाला अडीच लाख डॉलरचा दंड झाला. पण पॉपोविच यांचा हिशेब बरोबर होता. २०१८-१९ मध्ये टोरँटोने कवाय लेनर्डला ८२ पैकी ६० च सामने खेळवले आणि जूनमध्ये अजिंक्यपद पटकावले, तेव्हा तो हिशेब सर्वांनी गिरवला. ‘लोड मॅनेजमेंट’, म्हणजे खेळाडूला विश्रांती देऊन मोठ्या सामन्यांसाठी राखून ठेवणे, हा शब्द तेथून घरोघरी पोहोचला.

पुण्यात राहून हे सामने पाहणाऱ्याला या शब्दाचा अर्थ अंगावर घ्यावा लागतो. हिवाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना आपल्याकडे सकाळी सहाला लागतो. साडेपाचचा गजर, घरातले कोणी उठू नये म्हणून दिवा न लावता चहाचे आधण, कानात इअरफोन, आणि मग फोनवर त्या दिवसाची दुखापतींची यादी: ज्याच्यासाठी उठलो त्याच्या नावापुढे ‘उजवा गुडघा – दुखापत व्यवस्थापन’. माझे फार तर तासभराच्या झोपेचे नुकसान. अमेरिकेत नोकरीसाठी स्थायिक झालेला माझा आतेभाऊ दोन वर्षांपूर्वी मुलाच्या दहाव्या वाढदिवसाला चार तिकिटे काढून त्याच्या आवडत्या खेळाडूचा सामना दाखवायला गेला. संघाचे नाव सांगत नाही. खेळाडू साध्या कपड्यांत बाकाच्या टोकाला बसला होता, हसत होता, टाळ्या वाजवत होता. मुलाने घरी येताना विचारले, तो आजारी होता तर हसत का होता? आतेभावाला उत्तर देता आले नाही आणि मलाही ते लिहिताना सोपे जात नाही, कारण तो खेळाडू चुकीचे वागत नव्हता.

जुन्या चाहत्यांना येथे राग येतो. मायकल जॉर्डन सगळे ८२ सामने खेळत असे, विल्ट चेंबरलेन १९६१-६२ मध्ये सरासरी साडेअठ्ठेचाळीस मिनिटे खेळला, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामन्यात जादा वेळही धरून, असे दाखले दिले जातात. ते खरे आहेत. पण आजचा खेळ पाहिला तर बचाव करणाऱ्याला तीन गुणांच्या रेषेच्याही बाहेर धावत जावे लागते, एकेका चालीत कितीदा थांबावे, वळावे, उडी मारावी लागते. १९७९-८० मध्ये ही रेषा आली तेव्हा एक संघ सामन्याला सरासरी तीनसुद्धा असे फेक करत नव्हता, आता सदतीसहून अधिक करतो. (सगळेच फेक लांबून होतात म्हणून खेळ बिघडला ही तक्रार मला फारशी पटत नाही; पण ती निराळी गोष्ट.) २०२५ च्या प्लेऑफमध्ये डेमियन लिलार्ड, जेसन टेटम आणि टायरीस हॅलिबर्टन या तिघांचाही टाचेवरचा अकिलिस स्नायुबंध तुटला. योगायोग असा की तिघांच्याही पाठीवर शून्य हा आकडा. हॅलिबर्टन तर अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात, आधीच दुखावलेल्या पोटरीनिशी खेळताना कोसळला.

लीगने यावर काढलेला तोडगा म्हणजे ६५ सामन्यांचा नियम. २०२३-२४ पासून, काही किरकोळ सवलती वगळता, ६५ सामने खेळल्याशिवाय मोठे पुरस्कार मिळत नाहीत, आणि या पुरस्कारांवर करारातील कोट्यवधी डॉलर अवलंबून असतात. हॅलिबर्टन त्याच हंगामात मांडीचा स्नायू पुरता बरा होण्याआधी परतला, कारण हंगामातील सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत नाव आले नाही तर त्याचे सुमारे ४ कोटी डॉलर जाणार होते; त्याने या नियमाला उघडपणे मूर्खपणाचा म्हटले. मला त्याचे म्हणणे पटते. वेळापत्रक लीगने आखायचे, दोन रात्रींत दोन शहरांत खेळायला हंगामात चौदा-पंधरा वेळा लावायचे, आणि शरीराने कुरकुर केली की भुर्दंड खेळाडूला.

८२ हा आकडा काही वेदातून आलेला नाही. १९६७-६८ मध्ये तो ठरला, तेव्हा लीगमध्ये बारा संघ होते. आज तीस आहेत. प्रत्येकाने उरलेल्या एकोणतीस संघांशी एकदा घरी आणि एकदा बाहेर खेळावे असे म्हटले तर ५८ सामने होतात, आणि मला त्यापेक्षा सुटसुटीत हंगाम सुचत नाही. आयुक्त ॲडम सिल्व्हर यांनी मध्यंतरी बारा मिनिटांऐवजी दहा मिनिटांचे क्वार्टर करण्याची कल्पना बोलून दाखवली होती. सामन्यांची संख्या तशीच ठेवून सामना छोटा करणे म्हणजे ताटातले पदार्थ तेवढेच ठेवून वाढप कमी करण्यासारखे आहे. अडचण अर्थात पैशाची आहे. २०२५-२६ पासून लागू झालेला टीव्हीचा करार अकरा वर्षांसाठी सुमारे ७६ अब्ज डॉलरचा आहे, त्याखेरीज प्रत्येक संघाचे घरचे ४१ सामने म्हणजे ४१ रात्रींची तिकिटे, पार्किंग आणि खाणेपिणे. उत्पन्नाचा साधारण अर्धा वाटा खेळाडूंचा असल्याने सामने कमी झाले तर मालकांच्या बरोबरीने त्यांचेही खिसे हलके होतील. म्हणून खेळाडूंची संघटना विश्रांतीबद्दल जितक्या पोटतिडकीने बोलते तितक्या पोटतिडकीने ८२ च्या आकड्याबद्दल बोलताना दिसत नाही. दोन्ही पक्षांनी थोडा तोटा सोसावा असे मी म्हणतो तेव्हा दुसऱ्याच्या पैशावर उदार होतो आहे याची मला जाणीव आहे. तरीही म्हणतो, कारण आज तो तोटा तिकीट काढणारा एकटा सोसतो आहे.

हे सगळे चाहत्याचे रुसवेफुगवे म्हणून सोडून देता आले असते, पण मध्ये सट्टा आला आहे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा सट्ट्यावरील संघीय बंदी रद्द केल्यापासून एकेका राज्यात तो कायदेशीर होत गेला आणि लीगनेही सट्टा कंपन्यांशी भागीदारी केली. एप्रिल २०२४ मध्ये टोरँटोच्या जॉन्टे पोर्टरला आजन्म बंदी झाली. प्रकृतीचे कारण सांगून तो सामन्यातून लवकर बाहेर पडत असे आणि तो कमी खेळणार हे ठाऊक असलेले लोक त्यावर पैसे लावत. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेतील तपास यंत्रणांनी आणखी काही जणांवर गुन्हे दाखल केले, आणि त्यांतील एक आरोप असा आहे की एक संघ आपले प्रमुख खेळाडू एका सामन्यात बसवणार असल्याची बातमी जाहीर होण्याआधीच सट्टा लावणाऱ्यांपर्यंत पोहोचवण्यात आली. आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत. पण ती बातमी विकण्याजोगी झाली कशामुळे, हा प्रश्न त्यासाठी थांबत नाही. ज्या लीगमध्ये कोण खेळणार हे कार्यालयात ठरते आणि हरणे हे मान्य धोरण असते, तेथे आतल्या माहितीला बाजारभाव येणारच. एका खेळाडूने स्वतःच्या फायद्यासाठी खेळ सोडला तर आजन्म बंदी; संपूर्ण संघाने सोडला तर साडेसात लाख डॉलर आणि एक सेंटर. हा फरक कायद्याच्या भाषेत मला कोणी समजावून सांगेलही, नागपाड्याच्या मस्तान तलाव मैदानावर बास्केटबॉल खेळून वाढलेल्या पोरांना तो समजावणे कठीण आहे.

मग करावे काय? एक मार्ग उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक महिला आइस हॉकी लीगने २०२४ पासून अवलंबला आहे. संघ प्लेऑफच्या शर्यतीतून बाद झाल्यावर पुढे जितके गुण कमावेल त्यावर ड्राफ्टचा क्रम ठरतो. दुबळा संघ लवकर बाद होतो, म्हणून त्याला गुण कमावण्यासाठी अधिक सामने मिळतात, पण ते जिंकावे लागतात. कल्पना देखणी आहे. एनबीएत मात्र कोणी तरी हंगामाच्या आरंभीच पटापट हरून लवकर बाद होण्याचा हिशेब मांडेल अशी मला भीती वाटते. आधी सांगितलेली उदाहरणे पाहता ती अनाठायी नाही.

माझा कौल दुसऱ्या मार्गाला आहे. २०१३ च्या सुमारास बोस्टन सेल्टिक्सचे माइक झॅरन यांनी चक्राची कल्पना मांडली होती: तीस वर्षांत प्रत्येक संघाला पहिल्यापासून तिसाव्यापर्यंतची प्रत्येक निवड एकदा मिळेल, क्रम आधीच जाहीर असेल आणि हारजितीशी त्याचा काडीचाही संबंध नसेल. यावर घेतला जाणारा मोठा आक्षेप असा की एखाद्या वर्षी पहिली निवड अजिंक्य संघाकडेच जाईल. जाऊ द्या. १९८२ मध्ये लेकर्सनी विजेतेपद मिळवल्यानंतर काही आठवड्यांतच क्लीव्हलंडकडून आधी मिळवलेल्या पहिल्या निवडीवर जेम्स वर्दीला घेतले होते. लीग बुडाली नाही. ते दशक तर तिच्या सुवर्णकाळात मोजले जाते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. क्रम आधीच ठाऊक असेल तर आवडत्या शहराची पाळी येईपर्यंत एखादा मोठा खेळाडू कॉलेजातच थांबेल. एखाददुसरा थांबेलही. पण एक वर्ष थांबणे म्हणजे कारकिर्दीतले कमाईचे एक वर्ष कमी करणे आणि गुडघ्याचा धोका पत्करणे, आणि विशीतले बहुतेक खेळाडू तो पत्करणार नाहीत असे मला वाटते. तिसरे, छोट्या शहरांचे काय? त्यांना बळ द्यायचे तर उत्पन्नाच्या वाटपातून आणि पगारमर्यादेच्या नियमांतून द्यावे. ते मोजता येते आणि त्यासाठी कोणाला हरावे लागत नाही.

५ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रमेंटो किंग्ज यांचा सामना पाहायला मी गेलो होतो. हंगामपूर्व सराव सामना, निकालाला शून्य महत्त्व, आणि किंग्ज १०६ विरुद्ध १३० असे सपाटून हरले. आदल्या दिवशी शाळकरी मुलांसमोर याच दोन संघांनी जादा वेळेपर्यंत ताणलेला सामना एका गुणाने सुटला होता. दुसऱ्या दिवशी तसे काही घडले नाही, तरी शेवटच्या मिनिटापर्यंत लोक जागचे हलले नाहीत. आपल्यासमोर जे दहा जण खेळत आहेत ते जिंकायला खेळत आहेत, एवढ्या भरवशावर ते बसले होते.

ड्राफ्टचे नियम बदलायला तीस मालकांपैकी तेवीस मते लागतात. २०१४ मध्ये, फिलाडेल्फियाचा प्रयोग ऐन भरात असताना, लॉटरी सपाट करण्याचा प्रस्ताव मतदानाला आला आणि १७ विरुद्ध १३ असा बारगळला. बाजूने बहुमत होते, पुरेसे नव्हते. छोट्या शहरांच्या मालकांचे म्हणणे असे होते की मोठा खेळाडू आपणहून त्यांच्याकडे येत नाही, ड्राफ्ट हाच त्यांचा दरवाजा आहे, आणि ही भीती खोटी नव्हती. २०१७ मध्ये तो प्रस्ताव २८ मतांनी संमत झाला. विरोधात एकच मत पडले, ओक्लाहोमा सिटीचे. तटस्थ राहिलेला एकमेव संघ होता डॅलस. २०२५ च्या मे महिन्यात लॉटरी डॅलसने जिंकली आणि जून महिन्यात अजिंक्यपद ओक्लाहोमा सिटीने.